दीड हजार वाचवले, चोपन्न हजार गेले: अंदमानच्या एका भिशी-सहलीचा हिशेब

आमच्या भिशीच्या वहीत सदतिसाव्या पानावर एक ओळ आहे. ‘रविवार रात्र, पोर्ट ब्लेअर, लॉज रद्द. बचत रु. १,५००.’ अक्षर माझं. शेजारी बरोबरची खूण, तीही माझीच. या एका ओळीपायी पुढं आम्हा पाच जणांचे मिळून ५४,७५० रुपये गेले. मी बेळगावात शहापूरला एका पतसंस्थेत कारकून आहे. लोकांची कर्जप्रकरणं लिहिणं हा रोजचा धंदा, म्हणून आपलंही प्रकरण त्याच पद्धतीनं लिहून काढतोय. कोण, किती, कधी, आणि नेमकं कुठं चुकलं.

पाच जण असे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतले एक मास्तर. उद्यमबागेत दुचाकीचं गॅरेज चालवणारा एक. लग्नाचे फोटो काढणारा एक. येळ्ळूरच्या बाजूला भाजीची शेती असलेला, गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक, ज्याला आम्ही सगळे माळकरीच म्हणतो. आणि मी. पाचही जण चाळिशीच्या आतबाहेरचे, म्हणजे पाठीवर सॅक टाकून डॉर्मेटरीत झोपायचं वय तसं उलटून गेलेलं. खरं पैसे तेवढेच होते. (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या माणसाला सांगावं लागतं.)

पैसे भिशीचे. दर महिना माणशी दोन हजार, चौदा महिने. कुणी उचल घ्यायची नाही, सगळी रक्कम सहलीलाच, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. माणशी २८,००० जमले. मास्तरांनी सहा महिने खपून आराखडा केला आणि तो खरोखर चांगला होता, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं वाचून माणूस त्यांनाच दोष देईल.

बेंगळूर ते पोर्ट ब्लेअर विमान, येऊन-जाऊन १२,६००, तीन महिने आधी काढलेलं. बेळगाव ते बेंगळूर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं स्लीपर आणि तिथून विमानतळाची बस, दोन्ही वेळचं मिळून १,४००. बेटाबेटांमधल्या तीन बोटी १,५००. सात रात्रींचं राहणं ३,१५०. आठ दिवसांचं जेवणखाण ४,०००. स्कूटर, सायकल, बस, रिक्षा १,३००. पाण्याखाली बघायचा चष्मा-नळीचा खेळ १,२००. प्रवेश तिकिटं आणि किरकोळ ८५०. बेरीज २६,०००. उरलेले २,००० अडीअडचणीला.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं आणि हॅवलॉक व नील ही बेटं २०१८ च्या डिसेंबरापासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. पण तिथला रिक्षावाला, बोटीवरचा खलाशी आणि लॉजवाला, तिघांच्याही तोंडात जुनीच नावं ऐकली, म्हणून मीही तीच लिहितो. नावाच्या बाबतीत आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको.

आता सदतिसावं पान. मूळ आराखड्यात सोमवारी पोर्ट ब्लेअर, मंगळवार ते गुरुवार हॅवलॉक, शुक्रवार-शनिवार नील, रविवारी सकाळच्या बोटीनं परत पोर्ट ब्लेअर, तिथं रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी दुपारी बारा-चाळीसचं विमान असं होतं. मग आमच्यातल्या एकानं, म्हणजे मीच, गणित मांडलं. पोर्ट ब्लेअरला लॉज माणशी ७००. नीलला बांबूची झोपडी माणशी ४००. रविवारची रात्रही नीललाच काढली तर माणशी ३०० वाचतात आणि किनाऱ्यावर एक दिवस जास्त मिळतो. सोमवारी सकाळी साडेआठची सरकारी बोट धरायची, साडेदहाला पोर्ट ब्लेअर, विमानतळ धक्क्यापासून वीस मिनिटांवर. दोन तास हातात. कागदावर कुठंच अडत नव्हतं.

यामागं आमची एक सवय आहे. बेळगावच्या माणसाला समुद्र म्हणजे गोवा. चोर्ला घाट उतरला की आला. सकाळी उठून वाटलं तर दुपारी पाण्यात, रात्री जेवायला घरी. घाटात दरड आली तर अनमोडवरून जा, नाहीतर तिलारीवरून उतर. काहीच नाही झालं तर गाडी बाजूला लावून झोप. समुद्राला जायला आणि समुद्रावरून यायला रस्ता असतोच, हे आमच्या हाडात मुरलेलं. बेटाला रस्ता नसतो ही गोष्ट आम्हा पाचही जणांना भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होती. मास्तरांनी तर ती वीस वर्षं शिकवली होती.

हीच गोव्याची सवय पहिल्यांदा अंगाशी आली ती सूर्यास्ताला. हॅवलॉकला पोचलो त्या दिवशी जेवून, जरा लवंडून, चार वाजता निघालो. राधानगरचा किनारा धक्क्यापासून बारा किलोमीटर. २००४ साली टाइम मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून निवडलेला. सूर्यास्त तिथलाच बघायचा, असं फोटोवाल्यानं चार महिने घोकलेलं. बसची वाट बघितली, मध्ये नारळपाणी झालं. सव्वापाचला पोचलो तर अंधार पडत आलेला आणि माणसं अंग पुसून परत निघालेली. घड्याळ आपलंच, भारताचं, पण सूर्य पूर्वेचा. नोव्हेंबर अखेर तिथं पाचच्या आत सूर्य बुडतो, गोव्यात त्याच दिवशी सहा वाजतात. फोटोवाला वाळूत बसून राहिला. माळकरी म्हणाला, “सकाळी लवकर उगवतोय की गा, तवा काढ.” दुसऱ्या दिवशी साडेपाचला काळापत्थरच्या किनाऱ्यावर उगवतीचे फोटो काढले. ते चांगले आले.

हॅवलॉकचे तीन दिवस हे स्वस्तातल्या सहलीचा नमुना म्हणून दाखवावेत असे गेले. स्कूटर फक्त एक दिवस घेतली, बाकी बस आणि पाय. राहायला गोविंदनगरच्या बाजूला एका बंगाली बाईंची डॉर्मेटरी, लाकडी पलंग, मच्छरदाणी, बाहेर हातपंप. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटांवर जमिनी देऊन वसवलं, त्यांचीच ही पुढची पिढी. गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. आणि नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. एक बेट कृष्णाचं, एक रामाचं. माळकऱ्याला हे फार आवडलं. बाजारात मासे-भाताची थाळी खाल्ली की दिवस निघायचा. माळकऱ्यासाठी वरण, भात, बटाटा आणि वांग्याची भजी. शिवाय घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्या भाकरी पंधरा दिवस टिकतात, वजनाला काही नाहीत, आणि पाच जणांची न्याहारी रोज फुकटात. स्वस्त प्रवासाचं एक तरी गुपित विचारलंत तर मी कडक भाकरी सांगेन.

फोटोवाल्यानं किनाऱ्यावरून पांढऱ्या प्रवाळाचा एक बोटभर तुकडा खिशात घातला होता. बाईंनी तो टेबलावर बघितला आणि सरळ सांगितलं, जिथून उचललात तिथं ठेवून या. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगेत निघालं की भानगड होते. हा तुकडा परत ठेवायला तो तीन किलोमीटर चालत गेला. त्या बाईंचं ऐकायची सवय आम्हाला इथंच लागायला हवी होती.

कारण गुरुवारी रात्री त्याच बाई म्हणाल्या, “हवा बदल रहा है. नील में ज़्यादा मत रुको.”

मास्तरांनी फोन काढला. हॅवलॉकला नेट बरं चालतं, २०२० साली चेन्नईहून समुद्राच्या तळातून टाकलेली केबल या बेटापर्यंत आली आहे. हवामान खात्याच्या पानावर अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा. त्यात विशेष काही नव्हतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस आणि त्यातली बरीच याच भागात जन्म घेऊन आंध्र-तमिळनाडूकडं सरकतात. २०१६ च्या डिसेंबरात याच दोन बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं होतं, हेही मास्तरांनी वाचून दाखवलं. वाचून दाखवलं आणि फोन खिशात ठेवला.

गॅरेजवाला म्हणाला, “रविवारची सकाळची बोट धरूया. लॉजचं काय ते सातशे मी भरतो.”

“मर्दा, पाऊस पडला तर पडला,” फोटोवाला.

“गाडी बंद पडली तर ढकलता येतीय. बोट नाय.”

हात वर करून मत घेतलं. चार विरुद्ध एक. सोमवारची सरकारी तिकिटं आधीच काढलेली होती. ती फुकट जातील, असा मुद्दा मी मांडला. तिकिटाचे काही शे रुपये. वहीत तो ठरावही लिहिलेला आहे, संस्थेच्या सभेत लिहितो तसा: ‘चर्चेअंती बहुमताने मंजूर.’

शुक्रवारी नीलला गेलो. नील म्हणजे सायकलवर अर्ध्या दिवसात संपणारं बेट. हॅवलॉकपेक्षा शांत, स्वस्त, आणि मला विचाराल तर जास्त सुंदर. लक्ष्मणपूरच्या टोकाला समुद्रानं कोरलेली दगडी कमान आहे, तिला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिथं ओहोटीलाच जाता येतं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून आदल्या दिवशी गेलेल्याला विचारून उपयोग नाही, झोपडीवाल्याला विचारायचं. खडकांत साचलेल्या डबक्यांत निळे, पिवळे मासे, काळी लोळत पडलेली समुद्रकाकडी, आणि बोटानं टोचलं की मिटणारी फुलं, जी फुलं नसून प्राणी असतात. मास्तर तिथं दोन तास ओणवे होऊन बसले. फोटोवाल्याच्या सगळ्या फोटोंत मास्तरांची पाठ आहे.

रविवारी सकाळी भरतपूरच्या किनाऱ्यावर होतो. हा किनारा धक्क्याला लागूनच. ओहोटी होती, पाणी पार आत गेलेलं, पोहायला काही मिळणार नव्हतं, नुसतेच बसलो होतो. आभाळ भरून आलेलं, वारा बरा होता. साडेआठला सरकारी बोट भोंगा देऊन धक्क्यावरून सुटली आणि हळूहळू डावीकडं वळली. फोटोवाल्यानं तिचा फोटो काढला. पुढं चार माणसं वाळूत बसलेली, मागं पांढरी-निळी बोट. मूळ आराखड्याप्रमाणं आम्ही त्या बोटीत असायचो. तो फोटो आमच्या भिशीच्या ग्रुपवर अजून वरती लावून ठेवलेला आहे. गॅरेजवाल्यानं लावलाय.

दुपारची बोट रद्द झाली. संध्याकाळपर्यंत पाऊस आडवा यायला लागला.

रविवारी रात्री आणखी एक दार उघडं होतं, ते मी बंद केलं. विमानाच्या तिकिटाची तारीख विमान सुटण्याच्या काही तास आधीपर्यंत बदलता येते. दंड आणि भाड्यातला फरक मिळून माणशी पाच-साडेपाच हजार लागले असते. नीलला नेट नावापुरतं. पान उघडता उघडता बंद पडायचं. शेवटी गॅरेजवाल्यानं बेंगळूरच्या मेहुण्याला फोन लावला, तो तिथून बदलून द्यायला तयार होता. तारीख कुठली घालायची एवढंच विचारत होता. मी म्हणालो, “उद्या सकाळी बोट सुटली तर पंचवीस हजार उगंच गेले म्हणायचं. सकाळी बघू.” मेहुणा रात्री अकरापर्यंत जागा होता.

सोमवारी पहाटे पाचला धक्क्यावर गेलो. अंधार, पाऊस, पत्र्याच्या शेडखाली साठ-सत्तर माणसं. खिडकीमागं दिवा होता, माणूस नव्हता. सहाला माणूस आला. त्यानं आधी चहा घेतला, मग खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. पुढच्या माणसांच्या डोक्यांमुळं आम्हाला फळा दिसेना. पुढून आवाज आला, “आज कोई बोट नहीं.” कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. तिथली माणसं पिशव्या उचलून सरळ घरी गेली. भांडायला उरलो ते सगळे सॅकवाले. एक मुलगी रडत होती, तिचंही विमान. खिडकीतला माणूस तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “मैडम, समंदर मेरा नहीं है.”

पोर्ट ब्लेअर तिथून चाळीसेक किलोमीटर. बेळगावहून संकेश्वर त्यापेक्षा लांब.

विमान अर्धा तास उशिरानं, पण उडालं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण विमान कंपनीनंच उड्डाण रद्द केलं असतं तर पैसे परत मिळाले असते. बोट बंद म्हणून प्रवासी पोचला नाही, हा प्रवाशाचा प्रश्न. तिकिटातले कर तेवढे मागून घेता आले, माणशी चारशेच्या आसपास. सरकारी बोटीचे पैसे मात्र पूर्ण परत मिळाले.

मंगळवारीही बोट नाही. झोपडीवाल्यानं दोन्ही दिवस निम्मं भाडं घेतलं, तेही ‘नेट आएगा तब भेज देना’ म्हणून. त्याच्यावर आम्ही काही उपकार केलेले नव्हते. हे असं वागणं आमच्या हॉटेलांत मला दिसायचं आहे. कडक भाकरी संपल्या. माळकऱ्यानं चटणीचा डबा बोटानं पुसून घेतला.

याच मंगळवारी माळकरी मला धक्क्यावर घेऊन गेला. शेडच्या एका बाजूला प्लास्टिकचे क्रेट एकावर एक लावलेले होते. वांगी, भेंडी, दोडकी, केळ्यांचे घड. नीलची भाजी पोर्ट ब्लेअरला जाते, अंदमानात या बेटाला भाजीपाल्याचं बेट म्हणूनच ओळखतात. रविवारी दुपारच्या बोटीसाठी आणलेला माल तसाच पडून होता. क्रेटाशेजारी एक म्हातारा उकिडवा बसला होता. माळकऱ्यानं एक वांगं उचललं, देठ बघितलं, दाबलं, खाली ठेवलं. मग दुसऱ्या क्रेटमधलं.

“हिंदीत विचार त्यास्नी, किती दिवस टिकतंय म्हणत्यात.”

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, कल तक.

माळकऱ्याची स्वतःची भाजी रात्री बेळगावच्या बाजारातून टेम्पोनं गोव्याला जाते. जुलैत चोर्ल्याला दरड आली की अनमोडवरून फेरा घेऊन जाते, पोचायला उशीर होतो, भाव पडतो. तो म्हाताऱ्याशेजारी बसला. त्याला हिंदी जेमतेम येतं, म्हाताऱ्याची हिंदी बंगालीकडं झुकलेली. अर्धा तास दोघं वांग्यावर बोलत होते. खत कुठलं, कीड कुठली, दलाल किती कापतो. मी पावसाकडं बघत बसलो. आमचं पंचवीस हजाराचं की पन्नास हजाराचं नुकसान, हे तेव्हा अजून मोजायचं होतं, पण त्या शेडखाली ते जरा लहान वाटलं एवढं खरं. लॉजचे पैसे वाचवायला निघालेला माणूस आणि वांग्यावर पोट असलेला माणूस एकाच फळ्याकडं बघत होते.

बुधवारी वारा पडला. पहिल्या बोटीत आजारी माणसं, बेटावरचे रहिवासी आणि भाजी. आम्हाला दुसरी मिळाली, दुपारी. क्रेट चढवायला माळकरी आणि गॅरेजवाला आपणहून गेले. वरचे क्रेट बरे होते, तळातले फेकावे लागले.

पोर्ट ब्लेअरला आल्यावर खरा हिशेब सुरू झाला. अडकलेली सगळी माणसं एकदम तिकीट शोधत होती. गुरुवारचं बेंगळूर माणशी चौदा हजारांवर. शुक्रवारचं चेन्नई ७,२०० ला मिळालं. चेन्नईहून रेल्वेनं बेंगळूर, तिथून राणी चन्नम्मा, मिळून ७५०. म्हणजे गुरुवारी घाई न करता एक दिवस थांबण्यात स्वस्ताई होती, लॉज आणि जेवण धरूनही. इथं मात्र मी नीट गणित केलं, आणि केलं म्हणून सांगतो.

जादा खर्च माणशी असा. विमान ७,२००. रेल्वे ७५०. नीलच्या दोन जादा रात्री ४००. पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री १,४००. चार दिवसांचं जेवण १,६००. एकूण ११,३५०, त्यातून परत आलेल्या करांचे ४०० वजा जाता १०,९५०. पाच जणांचे ५४,७५०. बाकीची पानं जवळपास ठरल्याप्रमाणं उतरली होती, त्यामुळं २६,००० ची सहल ३६,९५० ला पडली. यात मास्तरांची चार दिवसांची बिनपगारी रजा, गॅरेजचं बंद शटर आणि फोटोवाल्याचं गेलेलं एक हळदीचं काम धरलेलं नाही.

थांबलेल्या गुरुवारी सेल्युलर जेल बघितलं. पहिल्या सोमवारी ते राहून गेलं होतं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, त्यातल्या तीन उरल्या आहेत. प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडं उघडतं, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. सावरकर इथं १९११ ला आले आणि १९२१ पर्यंत होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथंच, आणि दोघा भावांना एकमेकांचा पत्ता बराच काळ नव्हता. मास्तर कोठडीच्या दारात उभे राहून म्हणाले, “आपण दोन दिवस अडकलो म्हणून काय काय बोललो वो.” आम्ही कुणी काही बोललो नाही. मग गॅरेजवाल्यानं कडीचं कुलूप कसं लावायचे ते बघितलं. कडी कोठडीच्या भिंतीत बाहेरून इतकी लांब नेलेली आहे की आतून हात पोचूच शकत नाही. त्याला ते काम आवडलं, आणि आवडलं म्हणून लाज वाटली.

आता चूक कुठं, हा प्रश्न. कर्जप्रकरण बुडालं की आम्ही तीन ठिकाणी बघतो: मंजुरी, सूचना आणि वसुली. इथंही तसंच. मंजुरीतली चूक सदतिसाव्या पानाची, परतीच्या विमानाच्या आदली रात्र छोट्या बेटावर ठेवण्याची. सगळं नुकसान तिथूनच निघालं. गुरुवारी रात्री सूचना मिळाली, ती बहुमतानं फेटाळली. तीही चूक, पण ती पहिलीच चूक दुसऱ्यांदा केलेली. रविवारी रात्री तारीख बदलली असती तर माणशी दीड-दोन हजार वाचले असते, जास्त नाही. म्हणजे मेहुण्याला जागं ठेवल्याबद्दल मी जितका अपराधी आहे त्यापेक्षा पेननं खूण केल्याबद्दल जास्त.

आणखी एक गोष्ट, जी मला आल्यावर उमगली. सरकारी बोट खासगीपेक्षा निम्म्याहून स्वस्त, म्हणून आम्ही ती घेतली आणि त्यात काही चुकलं नाही. त्या दोन दिवसांत खासगीही बंदच होत्या. डॉर्मेटरी, बस, थाळी, भाकरी, यांतही काही चुकलं नाही. जिथं कंजूषपणा केला तिथं सगळं बरोबर उतरलं. फक्त एका जागी आम्ही पैसे वाचवायला दिवस विकला. बेटावर पैशापेक्षा दिवस महाग असतो, कारण पैसे मेहुणा पाठवू शकतो.

राहिला वाटणीचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच. परत आल्यावर पंधरा दिवसांनी खडेबाजारात चहाला बसलो. माणशी अडीअडचणीचे २,००० वजा करून ८,९५० कमी पडत होते. ते पोर्ट ब्लेअरला मास्तरांच्या आणि माझ्या कार्डावरून भरलेले. फोटोवाल्यानं विषय काढला. गॅरेजवाल्यानं विरोधात मत दिलं होतं, वर स्वतःच्या खिशातून लॉजचे पैसे द्यायला निघाला होता. त्यानं नुकसान का भरायचं?

मी संस्थेचा नियम सांगितला. ठराव झाला की तो सगळ्यांचा, विरोध करणाऱ्याचाही. माळकरी म्हणाला, नियम बरोबर, पण नियम तूच सांगतोयस. यावर मला उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले, आराखडा माझा, मी दोन वाटे भरतो. त्यावर सगळे त्यांच्यावर ओरडले. मग मी म्हणालो, सदतिसावं पान माझं आहे, त्या पानाचे मी भरतो, आणि दीड हजार रुपये टेबलावर ठेवले. फोटोवाला हसला. “पानाचे दीड हजारच काय? पानाचे चोपन्न हजार होतात गा.”

गॅरेजवाला इतका वेळ चहात खारी बुडवत होता. त्यानं ८,९५० मोबाईलवरून पाठवले, माझ्या फोनवर टण्ण वाजलं. म्हणाला, “बोटीत बसायच्या आधी मत वेगळं होतं. धक्क्यावर उभं राहिलो तवा पाचही जण भिजलोच की. खरं एक. पुढच्या टायमाला तिकीट मी काढणार.”

ते सगळ्यांनी मान्य केलं. माझे दीड हजार त्यानं उचलून चहाचं बिल भागवलं आणि उरलेले नव्या भिशीत जमा करायला लावले. वहीत पहिल्या पानावर तीच नोंद आहे.

नव्या भिशीतून त्यानं पहिली सहल मालवणची काढली आहे, एसटीनं. जाताना रिझर्वेशन आहे. परतीचं तिकीट काढलेलंच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीनं जायचं का, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाला, होडी सुटली तर जाऊ, नाय सुटली तर किनाऱ्यावर बसून बघू, किल्ला कुठं पळतोय.